मंडळाचा ध्वनिवर्धक

गणेशोत्सवाला महिना-दीड महिना उरला की आमच्याकडे दोन प्रकारची माणसे येऊ लागतात. एक, मंडळाच्या अहवालाचे शुद्धलेखन तपासून घेणारी, आणि दुसरी, "सर, स्पीकर घ्यायचा आहे, कुठल्या कंपनीचा घ्यावा?" असे विचारणारी. मराठी विषयाच्या एम. ए.ला यातले काय कळणार, हा प्रश्न त्यांना पडत नाही. मुख्याध्यापकास सर्व काही कळते ही समजूत बेळगाव-निपाणीकडे अद्याप शाबूत आहे, आणि ती मोडण्याची आम्हांसही घाई नाही. शाळेची प्रार्थना, स्नेहसंमेलने, गल्लीतील भजने, भोवतालच्या खेड्यांतील भजनस्पर्धांचे परीक्षण, या निमित्तांनी माईक नावाच्या वस्तूशी आमचा तीस वर्षांचा संबंध आहे. त्या बळावर आजचा हा प्रपंच.

यंदा आलेली विचारणा मात्र थोडी निराळी होती. शहापुरातील एका महिला भजनी मंडळाने तीन वर्षे दर एकादशीला वर्गणी काढून काही रक्कम साठविली आहे. मंडळाच्या मुख्य गायिका सत्तरी ओलांडलेल्या. अभंगांचा साठा त्यांच्या कंठात आहे, तो वहीत नाही. आणि तो कंठ आता क्षीण होत चालला आहे. पखवाज आणि टाळ सुरू झाले की काकूंचा आवाज चौथ्या ओळीपलीकडे जात नाही. त्यामुळे हल्ली त्या स्वतःच मागे सरतात आणि एखाद्या तरुण सुनेला पुढे करतात. इकडे गल्लीतील मुलांचे म्हणणे असे की, या पैशांत आमची वर्गणी मिसळा, मिळून दोन मोठे बॉक्स घेऊ. भजनालाही होतील आणि मिरवणुकीलाही. प्रश्न आमच्यासमोर आला तो या स्वरूपात. तेव्हा कंपनीचे नाव सांगून सुटका होण्यासारखी नव्हती.

(एक खुलासा. आपल्याकडे 'पेटी' म्हटली की ती हार्मोनियमच. म्हणून ध्वनिवर्धकाच्या खोक्यास आम्ही या लेखात, सर्वजण म्हणतात तसे, 'बॉक्स'च म्हणणार आहोत.)

ध्वनिवर्धकाशिवाय गाणे चालत असे, हे आजच्या पिढीस सांगावे लागते. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी १८८० साली पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हा जगात कोठेही ध्वनिवर्धक अस्तित्वात नव्हता. सार्वजनिक ठिकाणी आवाज मोठा करून ऐकविण्याचे प्रयोग अमेरिकेत १९१५च्या सुमारास झाले आणि आजच्या बहुतेक बॉक्सच्या पोटात जी रचना असते ती राइस आणि केलॉग या दोन तंत्रज्ञांनी १९२५ साली मांडली. तोवर नटाने शेवटच्या रांगेपर्यंत पद पोहोचवावयाचे ते छातीच्या जोरावर. स्वर चढा लावणे आणि शब्द फेकणे हा त्या गायकीचा भागच होऊन बसला होता. माईक आल्यावर गळ्याची ही सक्ती सुटली. सुळेभावीस १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांचेच पाहा. क्षयाच्या दीर्घ दुखण्यातून उठल्यानंतर त्यांनी जी गायकी घडविली, तीत श्वास लहान, स्वरांच्या छोट्या छोट्या आकृती आणि मध्येच अगदी कुजबुजीइतका हलका लगाव. हे सारे मागच्या रांगेतील श्रोत्यापर्यंत पोहोचले ते माईकमुळे. आमच्या मते ध्वनिवर्धकाचे खरे काम हे आहे. जो आवाज जात्याच मोठा आहे तो आणखी मोठा करणे हे काम दुय्यम होय. काकूंचा प्रश्न या पहिल्या प्रकारात मोडतो.

आता दुकानात काय घडते ते पाहू. दुकानदार प्रथम वॉट सांगतो. पाचशे वॉट, हजार वॉट, दोन हजार वॉट. गिऱ्हाईकही तेच विचारते. या आकड्यांत फसगत फार. एके काळी टेपरेकॉर्डरच्या खोक्यांवर 'पीएमपीओ' म्हणून प्रचंड आकडे छापलेले असत, ते वाचकांच्या स्मरणात असतील. हल्ली त्यांची जागा 'पीक' या शब्दाने घेतली आहे. पीक म्हणजे क्षणभर सोसेल इतकी शक्ती. सतत किती मिळेल हे 'आरएमएस' किंवा 'कंटिन्युअस' या शब्दापुढे लिहिलेले असते, तेवढेच खरे मानावे. परंतु तेही दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. वॉट दुप्पट केले तर ध्वनीची पातळी वाढते अवघी ३ डेसिबल, म्हणजे कानास जेमतेम जाणवण्याइतकी. ऐकणाऱ्यास 'दुप्पट झाले' असे वाटावयास सुमारे १० डेसिबल लागतात, आणि त्यासाठी शक्ती लागते दहापट. उलट, एका वॉटला एक मीटरवर बॉक्स किती डेसिबल देतो, हा त्याचा गुण पाहावा. ९० देणाऱ्यापेक्षा ९६ देणारा बॉक्स चौपट वॉट घेतल्यासारखा असतो. माहितीपत्रकात हा आकडा बहुधा सापडतो. न सापडल्यास 'कमाल ध्वनिपातळी' तरी असतेच. दोन बॉक्सची तुलना या आकड्यांवरून करावी.

याहूनही महत्त्वाचे गणित अंतराचे आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की पातळी ६ डेसिबलने उतरते. समजा, बॉक्सपासून एक मीटरवर १०० डेसिबल आवाज आहे. दोन मीटरवर ९४, चारवर ८८, आठवर ८२, सोळा मीटरवर ७६, बत्तीस मीटरवर ७०. याचा अर्थ असा की, बॉक्स जमिनीवर पहिल्या रांगेच्या पुढ्यात ठेवला तर पहिल्या रांगेतील आजीबाईंच्या कानठळ्या बसतात आणि शेवटच्या रांगेस अर्धे शब्द ऐकू येतात. मग मागचे ओरडतात, "आवाज वाढवा". पुढचे कानांत बोटे घालतात. हा तंटा मोठा बॉक्स घेऊन मिटत नाही. तो मिटतो स्टँड घेऊन. बसलेल्या मंडळींच्या डोक्यावरून आवाज जाईल अशा उंचीवर बॉक्स चढविला आणि त्याचे तोंड किंचित खाली, मागच्या रांगांकडे वळविले की पुढच्या आणि मागच्या श्रोत्यांच्या अंतरातील तफावत कमी होते. माणसे आवाज शोषून घेतात, त्यांच्या पाठीमागून आवाज नेण्याचा प्रयत्न व्यर्थ होय. बॉक्सवर शंभर रुपये खर्च करावयाचे असतील तर त्यांतील पंधरा स्टँडसाठी आधी बाजूला काढावेत, असे आम्ही प्रत्येक मंडळास सांगतो. बहुतेक मंडळे ते ऐकत नाहीत आणि बॉक्स प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ठेवतात.

देवळाच्या सभामंडपात गोष्ट वेगळी. दगडी भिंती, फरशी, वर उंच छत. तेथे आवाज कमी पडत नाही, तो घुमतो. एक अक्षर संपण्यापूर्वी त्यावर दुसरे येऊन आदळते आणि 'विठ्ठल' एवढे सोडून काहीच कळत नाही. अशा जागी एक थोरला बॉक्स कोपऱ्यात उभा करण्यापेक्षा दोन लहान बॉक्स श्रोत्यांच्या जवळ, हळू आवाजात ठेवणे शहाणपणाचे. निपाणीकडील पत्र्याच्या शेडमधील कार्यक्रमांसही हाच न्याय. मात्र पत्र्यावर पाऊस सुरू झाला की कोणत्याच यंत्राचा इलाज चालत नाही. तेवढा वेळ चहा घ्यावा.

बाजारात मिळणारे प्रकार ढोबळपणे तीन. पहिला, ज्याच्या पोटातच ॲम्प्लिफायर असतो असा 'ॲक्टिव्ह' बॉक्स. पूर्वी दिल्लीच्या आहुजा कंपनीचे यंत्र वेगळे, कर्णे वेगळे आणि त्यांना जोडणाऱ्या तारांचे भेंडोळे वेगळे अशी वरात असे. नव्या पद्धतीचे ॲम्प्लिफायर वजनाला हलके व कमी तापणारे असल्याने आता ते सारे एका खोक्यात मावते आणि बारा इंची बॉक्स एक माणूस उचलू शकतो. दुसरा प्रकार उभ्या बारीक स्तंभाचा, ज्यास 'कॉलम' म्हणतात. त्यात लहान लहान स्पीकर एकावर एक रचलेले असतात व तळाशी खर्जाचा खोका असतो. याचा आवाज आडवा रुंद पसरतो, वर-खाली फारसा उधळत नाही, आणि अंतराबरोबर थोडा सावकाश उतरतो. बोस कंपनीने २००३ साली हा प्रकार फिरत्या गायकांसाठी प्रथम आणला. आता अनेकांचे मिळतात. गाणाऱ्यांच्या किंचित मागे बाजूला ठेवला तर त्यांनाही स्वतःचे गाणे ऐकू येते आणि निराळा मॉनिटर लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. शंभर-सव्वाशे श्रोते व बंदिस्त जागा असेल तर आमचे मत याला. तिसरा प्रकार बॅटरीवर चालणाऱ्या आठ किंवा दहा इंची लहान बॉक्सचा. तो दिंडीसाठी, प्रभातफेरीसाठी आणि वीज गेल्यावर.

इंचांविषयीही एक मोह असतो. पंधरा इंची बॉक्स खर्ज चांगला देतो, परंतु स्त्रियांच्या गाण्यास त्या खर्जाचा काडीचा उपयोग नाही. स्त्रीकंठाचे मूळ स्वर दोनशे हर्ट्झच्या आसपास सुरू होऊन वर जातात. खोलवर उतरतो तो फक्त पखवाजाचा धुमा. त्याच्यासाठी दहा इंच थोडे कमी, बारा इंच पुरेसे. पंधरा इंचांचे ओझे भजनी मंडळाने उगाच वाहू नये.

आमची निवडीची कसोटी पंतोजी पद्धतीची आहे, वाचकांनी हसू नये. ती म्हणजे श्रुतलेखन. दुकानात बॉक्स ऐकावयास जाताना मोबाईलवरील गाणे लावू देऊ नये. मुद्रित गाणे कोणत्याही बॉक्सवर बरे वाजते. आपली गायिका, आपली पेटी आणि आपला माईक न्यावा, आणि पाचवी-सहावीतील एखादे मूल बरोबर घ्यावे. मुलाला दुकानाच्या दुसऱ्या टोकास, शक्य झाल्यास बाहेर अंगणात, पाठमोरे बसवावे व हाती वही-पेन्सिल द्यावी. गायिकेने माईकवर वीस सुटे शब्द बोलावेत. फळ-पळ, शाल-साल, खार-चार, थाळी-टाळी, भार-बार, अशा जोड्यांतील कोणताही एक शब्द, क्रम न लावता. मग वही तपासावी. याचे कारण असे की, आवाजाचा जोर असतो तो स्वरांत, 'आ' आणि 'ओ' यांत. अर्थ मात्र व्यंजनांवर उभा असतो आणि स, श, फ, ख, थ यांसारख्या वर्णांचा ध्वनी फार अशक्त व उंच पट्टीतला असतो. खर्ज वाढवलेला बॉक्स कानास 'भारदस्त' वाटतो, पण त्या घुमाऱ्यात नेमकी हीच व्यंजने बुडतात. मुलाला वीसपैकी अठरा शब्द आले तर बॉक्स घ्यावा. बारा आले तर दुकानदार कितीही सवलत देवो, चहा पिऊन परत यावे.

ही कसोटी आम्हांस महत्त्वाची वाटते, त्यास आमच्या भागाचेही कारण आहे. आमच्या शाळेतील मुले दिवसभरात चार भाषा ऐकतात. 'आवडी', 'सोयरे', 'निढळ', 'लाहो' असले शब्द त्यांच्या कानांवर पडण्याची जागा पाठ्यपुस्तक नव्हे, ती एकादशीचे भजन आहे. आजीच्या मांडीवर पेंगत ते जे ऐकतात, तेच पुढे उपयोगी पडते. तेथे शब्द ऐकूच आला नाही तर उरतो तो टाळांचा गजर.

टाळांवरून आठवले. टाळांना माईक देऊ नये. दहा टाळकरी कोणत्याही यंत्राशिवाय देऊळ भरून टाकतात. भजनी मंडळास तीन, फार तर चार माईक पुरतात. मुख्य गायिकेस एक स्वतंत्र. मागे धरणाऱ्यांस मिळून एक. पेटीस एक, तो भात्याच्या वाऱ्यापासून दूर, वरच्या बाजूने. आणि पखवाजास लागलाच तर एक, तोही बेताचा. गायिकेचा माईक साधा 'डायनॅमिक' जातीचा, समोरूनच ऐकणारा असावा. शुअर कंपनीचा एसएम ५८ हा १९६६ सालापासून जवळजवळ त्याच रूपात चालत आला आहे आणि दणकट आहे. पण त्याच्या नकला बाजारात उदंड, तेव्हा पावती देणाऱ्या दुकानातूनच घ्यावा. माईक ओठांपासून तीन-चार बोटे दूर. आपल्या भगिनी संकोचाने माईक हातभर लांब ठेवतात. मग चालविणारा आवाज वाढवतो, माईकमध्ये बॉक्सचाच आवाज शिरू लागतो, तो पुन्हा बॉक्समधून बाहेर येतो, आणि सर्वांना परिचित अशी ती शिट्टी वाजते. शिट्टीचा दोष यंत्रास देतात. खरा दोष अंतराचा आणि जागेचा असतो. माईक जवळ, बॉक्स माईकच्या पुढे, आणि जे माईक वापरात नाहीत ते बंद, एवढे पाळले तर निम्म्या शिट्ट्या थांबतात. मिक्सरवर गायिकेच्या माईकसाठी खालचा खर्ज कापणारे बटण असते, ते दाबून ठेवावे. तारा तीन पिनांच्या 'एक्सएलआर' जातीच्या घ्याव्यात. लांब नेल्या तरी त्यांत घरघर शिरत नाही.

काकूंच्या मंडळात आम्ही हे एकदा करून पाहिले. उसन्या आणलेल्या बारा इंची बॉक्सवर, स्टँड लावून, माईक जवळ घेऊन. काकू प्रथम बिचकल्या. दुसऱ्या कडव्याला त्यांनी आवाज उतरवला, ताण सोडला, आणि जी हरकत त्या हल्ली टाळत होत्या ती सहज घेतली. देवळाच्या पायरीवर बसलेल्या एका म्हाताऱ्या शेजारणीने तेथूनच हाक दिली, "ऐकू येतंय की गं सगळं!" मुलांच्या मोठ्या बॉक्सचा प्रस्ताव त्या दिवशी आपोआप मागे पडला.

मुलांवर अन्याय होऊ नये म्हणून मिरवणुकीच्या बॉक्सविषयीही सांगतो. आपल्याकडे ज्यास सरसकट 'डॉल्बी' म्हणतात तो ढीग भजनास अगदीच निरुपयोगी, कारण तो खर्जासाठीच रचलेला असतो. त्यापुढे तासन्‌तास नाचणाऱ्यांच्या कानांचे काय होते, हा विषय निराळा आणि गंभीर. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली करमणुकीच्या ठिकाणांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचविली आहे. एरवी ८५ डेसिबल आठ तास सोसतील, तर १०० डेसिबल पाव तासच, असा हिशेब मानला जातो. कानातील सूक्ष्म केसांच्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

कायदाही माहीत हवा. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २०००च्या केंद्रीय नियमांनुसार ध्वनिवर्धकास लेखी परवानगी लागते; रात्री १० ते सकाळी ६ तो उघड्यावर बंद; आणि सणांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्य शासनास. सार्वजनिक जागेच्या सीमेवर आवाज भोवतालच्या आवाजापेक्षा १० डेसिबलने अधिक, किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याहून जास्त असू नये. वरचे आमचे गणित येथे पुन्हा पाहावे. एक मीटरवर १०० डेसिबल देणारा बॉक्स सोळा मीटरवर ७६ देतो. बेळगावच्या गल्ल्यांत सोळा मीटरच्या आत किती घरे, किती बाळंतिणी आणि किती दहावीची मुले असतात, ते मोजून पाहावे. गल्लीतील भजनास यापेक्षा मोठा बॉक्स घेण्याचे प्रयोजनच उरत नाही.

दिंडीबरोबर चालणाऱ्या बॅटरीच्या बॉक्सविषयी दोनच गोष्टी. लिथियम बॅटरी शिशाच्या बॅटरीपेक्षा पुष्कळ हलकी, चाकांचा बॉक्स चिखलात रुतल्यावर हा फरक कळतो. माहितीपत्रकातील तासांवर विसंबू नये, ते बहुधा हळू आवाजावर मोजलेले असतात. घरी पूर्ण भारून आपल्या आवाजावर वाजवावा आणि घड्याळ लावावे. दुसरे, ब्लूटूथने तंबोरा लावण्यास हरकत नाही, पण गाणे त्यातून नेऊ नये. त्यात आवाज सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा उशिरा पोहोचतो. मिनिटाला दोनशे चाळीस मात्रांच्या द्रुत लयीत एक मात्रा पाव सेकंदाची. म्हणजे जवळजवळ एका मात्रेची चूक. टाळकऱ्यांची भांडणे येथून सुरू होतात. बिनतारी माईक घ्यावयाचा तर स्वतःच्या रेडिओ लहरींवर चालणारा घ्यावा.

विजेच्या बाबतीत आम्ही कठोर आहोत. आपल्याकडे श्रावण-भाद्रपदात मंडप ओला, जमीन ओली आणि गाणारी माणसे अनवाणी. अशा वेळी तीन पिनांच्या प्लगातील अर्थिंगची पिन मोडून तो दोन पिनांच्या जागी घुसवणे म्हणजे ओठांशी धरलेल्या लोखंडी माईकमध्ये वीज आणून सोडणे होय. घरघर थांबते म्हणून काही लोक हे मुद्दाम करतात. मंडपाच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरला तुटणारे संरक्षक बटण बसवून घ्यावे. एका माईकपेक्षा ते महाग नाही आणि तोरणा-कमानींपेक्षा खात्रीने स्वस्त आहे.

वर्षाकाठी चार-पाचच कार्यक्रम होत असतील तर विकत घेऊच नये, भाड्याने आणावा; साउंडवाल्याचाही संसार आहे. शहापूरच्या मंडळाचे दर पंधरवड्यास भजन होते, म्हणून त्यांना खरेदी परवडते. त्यांनी एक बारा इंची बॉक्स, एक भक्कम स्टँड, सहा जागांचा लहान मिक्सर आणि तीन माईक एवढे ठरविले आहे. दुसरा बॉक्स पुढच्या वर्षी. यंत्र कोणाच्या घरी राहावे यावर दोन बैठका झाल्या. शेवटी जिचे घर देवळाला लागून आणि जमिनीपासून उंच, तिच्या माडीवर. आपल्याकडचा पावसाळा चार महिने चालतो. तेवढ्या काळात महिन्यातून एकदा तासभर यंत्र सुरू करून ठेवावे म्हणजे ओल धरत नाही. बटणांना हात लावण्याचा अधिकार एकाच व्यक्तीस असावा, या आमच्या सूचनेवर मात्र अद्याप एकमत झालेले नाही. सध्या दोन नावे पुढे आहेत, आणि दोघी जावा आहेत.